एकेका हाती एकेक सूर

पेटी वाजविणाऱ्याच्या बोटांखाली तीन सप्तके असतात. सतारिया एका तारेतून सगळा राग उभा करतो. जलतरंग वाजविणारा एकटाच वाट्यांच्या अर्धवर्तुळात बसतो आणि दोन काड्यांनी सारी मैफल सांभाळतो. आपल्या ओळखीच्या बहुतेक वाद्यांत माणूस एक आणि सूर पुष्कळ, असा हा हिशेब आहे. आज ज्या वाद्याची आणि ज्या मास्तरांची हकीगत सांगावयाची आहे, तेथे हा हिशेब उलटा होतो. तेथे एका माणसाच्या वाट्याला एक सूर येतो, फार तर दोन-चार. ज्याच्या हाती ‘ग’ आहे त्याने ‘ग’ आला की वाद्य हलवावे, एरवी गप्प उभे राहावे. साधी चार ओळींची प्रार्थना वाजवायची तरी वर्गातली निम्मी मुले लागतात.

अशी वाद्ये जगात थोडी आहेत. इंग्लंडातील हातघंटा हे त्यांतले एक. तिकडच्या चर्चच्या मनोऱ्यांत मोठाल्या घंटा टांगलेल्या असतात. त्या ठराविक क्रमाने वाजवायच्या आणि दर फेरीला तो क्रम बदलत जायचे, याची त्या लोकांना भारी हौस. पण सराव करावयाचा तर तो सगळ्या गावाच्या कानी जातो, शिवाय हिवाळ्यात मनोऱ्यात हाडे गोठविणारा गारठा. तेव्हा घरात शेगडीजवळ बसून सराव करता यावा म्हणून मुठीत धरण्याजोग्या लहान घंटा निघाल्या. विल्टशर परगण्यातील ऑल्डबोर्न या खेड्यात रॉबर्ट आणि विल्यम कोर या भावांनी अठराव्या शतकाच्या आरंभी अशा सुरेल घंटा घडविल्या. पुढे सरावाचे हे साधन गाणी वाजविण्याच्या कामी येऊ लागले. अमेरिकेत बॉस्टन शहरी मार्गारेट शर्क्लिफ या बाईंनी १९२३ च्या सुमारास नाताळच्या रात्री हातघंटांचा मेळ घेऊन दारोदार वाजविण्याची चाल पाडली, आणि १९५४ साली त्या देशात हातघंटा वाजविणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाच उभी राहिली. अशा मेळांसाठी चाली रचण्यात, सुरांची वाटणी करण्यात आयुष्य घालविलेले संगीतशिक्षक तिकडे पुष्कळ झाले.

पण घंटा कांस्याची. ती ओतावी लागते, लेथवर चढवून आतून घासत घासत सुरात आणावी लागते. एका मेळाला अशा पंचवीस-तीस घंटा तरी हव्यात. ज्या शाळेत खडूचे तुकडे जपून वापरतात त्या शाळेला हे कसे परवडावे? हाच मेळ, हेच शिक्षण, बांबूवर उभे करणारा एक मास्तर जावा बेटावर होऊन गेला. त्याचे नाव दाएंग सुतिग्ना. लोक त्यांना ‘पाक दाएंग’ म्हणत. ‘पाक’ म्हणजे वडील. आपण ‘गुरुजी’ म्हणतो त्याच मायेने तिकडे हा शब्द वापरतात.

जावाचा पश्चिम भाग हा सुंदा लोकांचा मुलूख. डोंगर, धो धो पाऊस, उतरणीवरची भातखाचरे आणि घराभोवती बांबूची बेटे. कोकणातला माणूस तेथे गेला तर त्याला फारसे परके वाटू नये. या लोकांचे जुने वाद्य म्हणजे अंगक्लुंग. त्याची घडण डोळ्यांपुढे आणावयाची तर बांबूची एक लहानशी चौकट कल्पावी. चौकटीत दोन, तीन किंवा चार नळ्या उभ्या टांगलेल्या. प्रत्येक नळी म्हणजे बांबूचे एक पेर. खालची गाठ शाबूत ठेवलेली, आणि वरचा भाग एका बाजूने कापून जिभेसारखी लांबट पट्टी राखलेली. नळीच्या बुडाला दोन दाते असतात, ते चौकटीच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीच्या खाचेत सैलसर बसतात. सगळे वेताने बांधलेले. खिळा नाही, तार नाही. डाव्या हाताने चौकट धरावी आणि उजव्या हाताने तळ हलवावा, की दाते खाचेच्या कडांवर आपटतात आणि नळी बोलू लागते. आवाज खुळखुळ्यासारखा कोरडा येत नाही. नळीच्या पोटातली हवा त्या सुराला साथ देते, त्यामुळे ओल्या मातीच्या घड्यावर बोट मारावे तसा गोल, मऊ नाद निघतो.

हे वाद्य मुळात शेताचे. सुंदा लोकांची धान्यदेवता ‘न्याई श्री पोहाची’. त्यातला ‘श्री’ कोठून तिकडे गेला हे आपल्याला कोणी सांगावयास नको. भात पेरताना देवीने खाली यावे, शिवारात वसावे, म्हणून अंगक्लुंग वाजवायचे. बांतेन भागातील डोंगरात कानेकेस येथे बादुई लोक राहतात. त्यांच्यात आजही अंगक्लुंग मनात येईल तेव्हा वाजवीत नाहीत. भातपेरणीच्या विधीला ते काढावयाचे, आणि ठरलेला काळ संपला की टांगून ठेवावयाचे. आपल्याकडे ठाणे-पालघरच्या वारली समाजात कणसरी ही धान्याची देवता आहे आणि भात हाती आल्यावर तारपा घुमतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. वाद्य हा शेतीच्या कामाचाच एक भाग, नांगर-कोयत्यासारखा.

पण कामाचा भाग असलेल्या वस्तूला एक धोका असतो. काम सरले की वस्तूही सरते. डच अमदानीत शहरे वाढली, मळे आले, जुने विधी मागे पडले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत सुंदा मुलखाच्या बऱ्याच भागांत अंगक्लुंग हे दारोदार फिरून पैसा मागणाऱ्यांच्या हाती उरले होते. देवीला बोलाविणाऱ्या वाद्याने आता दारातल्या कुत्र्याला जागे करावे, अशी ही उतरंड.

दाएंग सुतिग्ना यांचा जन्म १३ मे १९०८ चा, गारुत जिल्ह्यातला. डच पद्धतीच्या शाळांत ते शिकले आणि अध्यापक विद्यालयातून मास्तर होऊन बाहेर पडले. या शाळांतले संगीत ‘डो रे मी’चे. मास्तर स्वतः त्या संगीतात तयार झाले होते आणि मुलांनाही तेच शिकवीत. १९३८ साली ते कुनिंगान या गावी प्राथमिक शाळेत होते. चिरेमाई नावाचा तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आहे, त्याच्या पायथ्याचे हे गाव. शाळेखेरीज ते बालवीरांचे पथकही चालवीत.

सांगतात ते असे, की एके दिवशी त्यांच्या दारी दोन भिकारी अंगक्लुंग वाजवीत आले. वाजविणारे दोघे आणि सूर चार-पाच; तरी त्यांतून ओळखीच्या गाण्याची चाल निघत होती. एकाने हलवायचे थांबावे, दुसऱ्याने उचलावे, असे ते चालले होते. मास्तरांनी पैसे दिले आणि वाद्येच विकत घेतली. आता हे सूर मास्तरांना अनोळखी होते असे मुळीच नाही. सुंदा मुलखातला माणूस, लहानपणापासून ते कानावर पडलेलेच असणार. दारात त्यांना नवे दिसले ते एवढेच, की दोन अडाणी माणसे सूर वाटून घेऊन एक गाणे पुरे करीत आहेत. बालवीरांच्या पथकात पंचवीस-तीस पोरे असतात आणि सगळ्यांना व्हायोलिन देता येत नाही. प्रश्नाचे उत्तर दारात चालत आले होते.

अर्थात तेवढ्याने भागणार नव्हते. जुन्या अंगक्लुंगाचे सूर सुंदा पद्धतीचे. तेथे पाच स्वरांच्या सालेंद्रो, पेलोग अशा स्वरमाला आहेत आणि त्यांतली अंतरे पेटीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. शाळेत जी गाणी शिकवायची ती होती सात स्वरांची. मास्तरांनी मग एका वृद्ध कारागिराकडे जाऊन अंगक्लुंग बनविण्याची विद्या घेतली. मास्तराने बुरुडाचा शागीर्द व्हावे, हे त्या काळी तिकडेही रोजचे दृश्य नसावे. बांबू कोणता घ्यावा, किती वाळवावा, जीभ किती लांब ठेवावी, हे सारे हातानेच शिकावे लागते. सूर उतरता आला तर जिभेचा शेंडा जरासा कापायचा, म्हणजे तो चढतो. फार चढला तर कडा तासायच्या, म्हणजे उतरतो. पण बांबू काही मेण नव्हे. कापलेला तुकडा परत लावता येत नाही. तासता तासता पट्टी पातळ झाली की नळी वाया गेली. अशा वाया गेलेल्या नळ्यांचा ढीग घालीत त्यांनी सात शुद्ध आणि पाच मधले, असे बाराही सूर देणारी अंगक्लुंगे उभी केली. त्यांनाच पुढे त्यांच्या नावावरून ‘पादाएंग’ अंगक्लुंग म्हणू लागले. प्रत्येक चौकटीत दोन नळ्या. एक मुख्य सुराची, दुसरी त्याच्याच वरच्या सप्तकातली.

भिकाऱ्यांचे वाद्य शाळेत आणणे ही गोष्ट सहज पचण्याजोगी नव्हती. मुलगा डच शाळेत घातला तो साहेबी विद्या शिकावी म्हणून. त्याच्या हाती दारोदारचे बांबू पाहून कोणत्या बापाला बरे वाटेल? ही अडचण आपल्या शिक्षकबंधूंना सांगून कळवावयाची गरज नाही. येथेही ढोलकी, तुणतुणे शाळेच्या पायरीवर अडखळलेली आहेत.

आता खरे काम सुरू झाले, आणि ते पुढे मास्तरांना आयुष्यभर पुरले. ते म्हणजे गाणे वाटून देणे.

हे काम वरवर सोपे दिसते. गाण्यात सात सूर, तर सात मुले उभी करा, झाले! करून पाहावे म्हणजे कळते. पहिली अडचण सुराच्या लांबीची. घंटा एकदा वाजविली की नाद आपोआप रेंगाळतो आणि विरतो. अंगक्लुंगाचे तसे नाही. हलवीत राहाल तोवर सूर. हात थांबला की संपला. त्यामुळे सूर पाहिजे तितका लांबविता येतो हा मोठा फायदा, पण दोन सुरांच्या मध्ये फट पडण्याचा धोकाही तेवढाच. ‘सा’वाल्याने थांबावे आणि मग ‘रे’वाल्याने सुरुवात करावी, तर गाणे उचक्या लागल्यासारखे तुटक वाजते. म्हणून नियम असा, की पुढच्याचा सूर कानी पडेपर्यंत मागच्याने हात थांबवायचा नाही. दिंडीत एकाने चरण सोडण्याच्या आत दुसरा तो उचलतो, मध्ये रिकामी जागा राहू देत नाही, तसे. मग लगतचे दोन सूर एकाच मुलाच्या हाती देऊन चालत नाही, कारण एकाच वेळी जुना लांबविणे आणि नवा उचलणे त्याला जड जाते. कोणता सूर कोणत्या सुराला लागून किती वेळा येतो याचा हिशेब गाण्यागणिक बदलतो. एका गाण्यात जी वाटणी सुरेख बसली ती दुसऱ्यात मोडते. मास्तरांना दर वेळी नवा ताळेबंद मांडावा लागे.

दुसरी अडचण न्यायाची. गाण्यात काही सूर पुन्हा पुन्हा येतात, काही एखाद्याच वेळी. ज्याच्या हाती दुर्मीळ सूर आला त्या पोराने सगळे गाणे उभे राहायचे ते एका हलविण्यासाठी. ते एक हलविणे चुकले तर मात्र सगळ्यांचे लक्ष त्याच्यावर! गप्प राहून मोजीत राहण्याचे हे शिक्षण फार कडक आहे. आपल्या शाळांतल्या लेझमीशी ताडून पाहा. लेझीमही हातात धरून हलवावयाची, तीही पन्नास पोरांनी मिळून. पण तेथे सगळ्यांची हालचाल एकच, आणि मागच्या रांगेतला एखादा चुकला तरी खपून जातो. अंगक्लुंगात मागची रांगच नाही. ‘ध’ वाजविणारा आजारी पडला तर गाण्याला भोक पडते.

शिवाय नुसती चाल वाजविली तर ती उघडी वाटते. म्हणून साथीची अंगक्लुंगे निराळी केली. त्यांत एका चौकटीत तीन-चार नळ्या, एकमेकींशी जुळणाऱ्या सुरांच्या. हलविली की सुरांचा एक झुबका उमटतो. वाजविण्याच्या तऱ्हाही ठरविल्या. एक सरळ हलवीत राहण्याची. दुसरी, तळाला टिचकी मारल्यासारखा एकच ठोका देण्याची, म्हणजे सूर तुटक, टपोरा येतो. तिसरी, दोनपैकी एक नळी बोटाने दाबून धरण्याची, म्हणजे वरच्या सप्तकाची किनार जाते आणि मुख्य सूर एकटा, हळुवार उमटतो. एवढ्या तीन हिकमतींवर जोर, नाजूकपणा, लांबी, आखूडपणा सारे साधते.

मुलांना स्वरलिपी कशी शिकवायची, हाही प्रश्नच. त्यासाठी आकड्यांची लिपी उपयोगी पडली. ‘डो’ म्हणजे १, ‘रे’ म्हणजे २, अशी ती सरळ वाट; आपण सा-रे-ग-म लिहितो त्याच जातीची. प्रत्येक अंगक्लुंगाला क्रमांक दिलेला. गाणे एका मोठ्या कागदावर लिहून समोर टांगायचे, प्रत्येकाने आपला आकडा शोधायचा आणि मास्तरांच्या हाताकडे लक्ष ठेवायचे. ज्याला गळा नाही, ज्याच्या घरी वाद्य नाही, असे पोरही पहिल्या तासाला गाण्यात सामील होते. मास्तरांनी आपल्या पद्धतीची पाच लक्षणे सांगितली होती आणि त्यांच्या भाषेत ती पाचही ‘म’ने सुरू होतात: मुदाह, मुराह, मेनारिक, मेनदिदिक, मासाल. आपल्याकडे पाच ‘म’कार म्हटले की भलतेच काही आठवते, पण या ‘म’कारांचा अर्थ सात्त्विक आहे. सोपे, स्वस्त, मन ओढून घेणारे, शिकविणारे आणि पुष्कळांनी मिळून करावयाचे.

पुढची वर्षे धामधुमीची. १९४२ मध्ये जपानी आले, १९४५ च्या १७ ऑगस्टला इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारले, आणि डच परत आल्यावर झगडा सुरू झाला. नोव्हेंबर १९४६ मध्ये दोन्ही पक्षांची बोलणी झाली ती लिंगारजाती येथे. हे थंड हवेचे गाव चिरेमाईच्याच उतारावर, कुनिंगान जिल्ह्यात. म्हणजे देशाच्या भवितव्याची वाटाघाट मास्तरांच्या शेजारीच येऊन बसली. एका बाजूला पंतप्रधान शाहरिर, दुसऱ्या बाजूला डच शिष्टमंडळाचे प्रमुख शेर्मरहॉर्न, मध्यस्थ म्हणून इंग्रजांचे लॉर्ड किलर्न. राष्ट्राध्यक्ष सुकार्णो तेथे आले होते. त्या प्रसंगी पाहुण्यांपुढे दाएंग मास्तरांच्या मेळाने अंगक्लुंग वाजविले. आठ वर्षांपूर्वी जे वाद्य भिकाऱ्याच्या खांद्यावर होते ते आता नव्या राष्ट्राच्या वतीने परक्या मुत्सद्द्यांपुढे वाजत होते. करार पुढे टिकला नाही. डचांनी १९४७ च्या जुलैत पुन्हा लष्कर चालविले. अंगक्लुंग मात्र टिकले.

एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील एकोणतीस राष्ट्रांची परिषद भरली. पंडित नेहरू, चौ एन लाय, नासर, ऊ नू ही मंडळी तेथे जमली होती. या परिषदेच्या वेळीही पाहुण्यांसमोर दाएंग मास्तरांचे अंगक्लुंग वाजले. परिषदेतील भाषणे आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने छापली.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो खरा आहे. दाएंग मास्तरांनी वाद्य वाचविले खरे, पण कोणत्या किमतीने? सुंदा लोकांच्या स्वरांची जागा युरोपच्या स्वरांनी घेतली. आज शहरातले मूल अंगक्लुंग म्हटले की ‘डो रे मी’च ऐकते, आजीच्या ओवीतला सालेंद्रो त्यात नाही. याच काळात, याच मुलखात दुसरे एक शिक्षक नेमके उलट्या वाटेने चालले होते. त्यांचे नाव माचयार कुसुमादिनाता. १९०२ चा त्यांचा जन्म. त्यांनी सुंदा स्वरांसाठीच ‘दा मी ना ती ला’ अशी स्वतंत्र स्वरनावे आणि लिपी बसविली, स्वरांची अंतरे मोजली आणि आपल्या संगीताचे शास्त्र आपल्याच पायावर उभे करण्याचा ध्यास घेतला. एकाने वाद्य देशी ठेवून स्वर बदलले, दुसऱ्याने स्वर देशी ठेवून त्यांना नवी लिपी दिली.

हा वाद आपल्याला नवा नाही. आपल्याच आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला मज्जाव होता, आणि तो सैल व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. पेटीचे ठरलेले सूर आपल्या श्रुतींना जुळत नाहीत, हे त्यामागचे कारण. ते कारण खोटे नव्हते. तरीही देवळातल्या भजनाला, तमाशाच्या फडाला आणि संगीत नाटकाला पेटीनेच सांभाळले, हेही खोटे नाही. माझे मत विचाराल तर मी दाएंग मास्तरांना दोष देणार नाही. शेतातल्या विधीचे अंगक्लुंग त्यांनी बिघडविले नाही. कानेकेसच्या डोंगरात ते आपल्या जुन्या स्वरांनिशी चालूच राहिले, कारण तेथे भात आहे, पेरणी आहे आणि देवी आहे. मरणार होते ते दारोदार फिरणारे अंगक्लुंग. त्याला शाळा मिळाली नसती तर मोकळे रानही मिळणार नव्हते. पण ज्यांना सालेंद्रोची हळहळ वाटते त्यांची हळहळही मला खरी वाटते. शाळेच्या घंटेबरोबर जे आत येते त्याला शाळेचे कपडे घालावे लागतात.

ऑगस्ट १९६८ मध्ये इंडोनेशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी अंगक्लुंग हे संगीतशिक्षणाचे साधन म्हणून शाळांसाठी ठरविले. त्याच वर्षी सरकारने मास्तरांना सांस्कृतिक कार्याबद्दल पदक दिले. ८ एप्रिल १९८४ रोजी ते बांडुंग येथे वारले.

त्यांच्या शिष्यांत एक उजो न्गालागेना. १९२९ चा जन्म. लहानपणापासून जुन्या स्वरांचे अंगक्लुंग हाताळलेला माणूस, आणि पेशाने शिक्षक. दाएंग मास्तरांकडून त्यांनी नवी पद्धत घेतली, पण जुनी सोडली नाही. १९६६ मध्ये पत्नी उउम सुमियाती यांच्यासह त्यांनी बांडुंगच्या पूर्वेला पादासुका येथे आपल्या घराच्या परिसरातच एक जागा उभी केली. तिचे नाव ‘साउंग अंगक्लुंग उजो’. ‘साउंग’ म्हणजे झोपडी. शेताच्या राखणीला आपण जी खोप घालतो तसली. तेथे वाद्ये तयार होत, शेजारपाजारची मुले शाळा सुटल्यावर येऊन शिकत आणि पाहुण्यांपुढे खेळ करीत. नव्या स्वरांबरोबर सालेंद्रो-पेलोगचे मेळही तेथे वाजत राहिले. म्हणजे वर सांगितलेल्या वादावर या शिष्याने आपल्या अंगणापुरता तोडगा काढला. उजो २००१ साली गेले, पण मुलाबाळांनी ते काम पुढे चालू ठेवले.

२०१० मध्ये युनेस्कोने अंगक्लुंगाची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. त्या नोंदीतला एक तपशील शेतकरी श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगतो. अंगक्लुंगासाठी काळा बांबू तोडावयाचा तो वर्षातल्या ठराविक दोन आठवड्यांत, जेव्हा रानात रातकिड्यांसारखे ते सिकाडा किडे गाऊ लागतात. आणि तोडताना जमिनीपासून तीन पेरे सोडून वरून तोडावयाचा, म्हणजे मुळाला धक्का न लागता नवे कोंब फुटतात. आपल्याकडेही बांबू कोणत्या दिवसांत तोडला म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, याचे ठोकताळे जाणत्यांकडे आहेतच.

२०११ च्या जुलैत अमेरिकेत वॉशिंग्टनच्या हिरवळीवर ५,१८२ माणसांनी एकत्र अंगक्लुंग वाजविले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाकार्ता येथील क्रीडांगणावर १५,११० जणांनी. असल्या विक्रमांचे मला स्वतःला फारसे कौतुक नाही; आकडा मोठा झाला की सूर ऐकू कोणाला यावा? दाएंग मास्तरांचा मेळ तीस-चाळीस पोरांचा होता आणि त्यांतल्या प्रत्येकाचा हात मास्तरांना दिसत असे.

त्यापेक्षा उजोंच्या त्या झोपडीतली रीत मला आवडते. खेळ निम्मा झाला की मुले प्रेक्षकांत शिरतात आणि ज्याच्या त्याच्या हाती एकेक अंगक्लुंग देतात. कोणाला ‘डो’, कोणाला ‘फा’. पुढे उभा असलेला हाताच्या खुणा करतो: मूठ म्हणजे ‘डो’, तळवा आडवा म्हणजे ‘मी’, अशा. ज्याची खूण आली त्याने हलवायचे. पहिली दोन मिनिटे नुसता गलका होतो. कोणी उशिरा हलवितो, कोणाला आपलीच खूण आठवत नाही, कोणी थांबायचेच विसरतो. मग हळूहळू गलका निवतो आणि त्यातून चाल वर येते. गाणे संपले की मुले पुन्हा प्रेक्षकांत येतात, वाद्ये मोजून परत घेतात आणि ज्याची त्याची खुंटी पाहून टांगून ठेवतात.